‘इथे नको’ हे म्हणायचं कुणी? कॉलेजच्या आवारातल्या धूम्रपानबंदीचा आढावा

महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांच्या फाटकावर आज धूम्रपानबंदीचा फलक आहे. त्याच आवारात दुचाकींच्या पार्किंगमागे, कँटीनच्या पाठच्या कट्ट्यावर आणि वसतिगृहाच्या गच्चीवर सिगारेटची थोटकंही पडलेली असतात. फलक लावणाऱ्यांना थोटकं ठाऊक असतात आणि थोटकं टाकणाऱ्यांना फलक ठाऊक असतो. जवळ जाऊन ‘इथे नको’ म्हणणारा माणूस मात्र दोघांच्या मध्ये सहसा सापडत नाही. बंदी पाळायला लावण्याची जबाबदारी कायद्याने कुणावर टाकली आहे, ती प्रत्यक्षात कुठे अडते, आणि विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी यांनी त्यात पडायचं तर कसं पडावं, याचा हा आढावा.

माझं मत आधीच सांगतो. त्यात पडायलाच हवं. पण सांगायला जाणाऱ्याच्या मागे संस्था उभी हवी, त्याच्या तोंडी सभ्य भाषा हवी आणि ज्याला सिगारेट सोडायची आहे त्याला देण्यासाठी मदतीचा पत्ता हवा. यातलं एक जरी नसलं तरी मोहीम दिवाळीच्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही.

हा प्रश्न कॉलेजचाच का?

देशातल्या प्रौढांच्या तंबाखू सेवनाची दुसरी मोठी पाहणी २०१६-१७ मध्ये झाली. तंबाखूची सवय लागण्याचं सरासरी वय तीत १८.९ वर्षं निघालं. आधीच्या पाहणीत ते १७.९ होतं. म्हणजे बारावी संपवून मुलं-मुली पदवीच्या वर्गात येतात, घरापासून दूर खोली घेऊन राहू लागतात आणि हाती थोडे पैसे खेळू लागतात, नेमका तोच हा काळ. पहिली सिगारेट कुणी सहसा एकट्याने दुकानात जाऊन विकत घेत नाही. ती कटिंग चहाबरोबर, मित्राच्या हातून, ‘घे रे एक झुरका’ असं म्हणत येते. पहिल्या वर्षाच्या मुलाला तिसऱ्या वर्षाची मुलं कट्ट्यावर बिनदिक्कत ओढताना दिसली, की कॉलेजात असंच असतं ही त्याची समजूत होते. बंदी पाळली जाणं महत्त्वाचं आहे ते आधी या नव्या मुलासाठी. जुन्या ओढणाऱ्याचा विचार त्यानंतर येतो.

दुसरी बाजू धूर नाइलाजाने घेणाऱ्यांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, स्वतः न ओढता दुसऱ्यांच्या धुरामुळे जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसं दगावतात. आवारात हा धूर कुणाच्या वाट्याला येतो? दम्याचा त्रास असलेल्या विद्यार्थिनीच्या, कँटीनमध्ये कपबशा विसळणाऱ्या पोराच्या आणि दिवसभर एकाच जागी बसणाऱ्या वॉचमनकाकांच्या. यांतला कुणी प्राध्यापकांना किंवा श्रीमंत घरच्या पोरांना ‘बाहेर जा’ म्हणू शकत नाही. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने नियम असतो, आणि तो नियम बोलून दाखवणं हे ज्यांना बोलता येतं त्यांचं काम असतं.

कायदा काय सांगतो?

सार्वजनिक जागी धूम्रपान करण्यावरची बंदी आपल्याकडे वरून अलगद आलेली नाही. ती लोकांनी न्यायालयात जाऊन मिळवली. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सार्वजनिक ठिकाणचं धूम्रपान बेकायदा ठरवलं. त्या प्रकरणाच्या मुळाशी बसप्रवासात धुराचा त्रास सोसणाऱ्या एका प्राध्यापिकेची तक्रार होती. गोव्याच्या विधानसभेने धूम्रपान आणि थुंकणं या दोन्हींविरुद्धचा कायदा १९९७ मध्येच केला होता. पुढे मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी देशभरासाठी आदेश दिला. सभागृहं, रुग्णालयं, शिक्षणसंस्था, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कार्यालयं आणि सार्वजनिक वाहनं यांत धूम्रपान करायचं नाही, असा तो आदेश. ‘कोटपा’ या नावाने ओळखला जाणारा सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांचा कायदा २००३ मध्ये आला. सार्वजनिक जागांविषयीचे सविस्तर नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले.

आवारात काम करू पाहणाऱ्याला या कायद्यातल्या काही तरतुदी नेमक्या माहीत हव्यात. कलम ४ नुसार सार्वजनिक जागी धूम्रपान करता येत नाही आणि त्या जागांच्या यादीत शिक्षणसंस्थेचं नाव स्पष्ट आहे. कलम ६ नुसार १८ वर्षांखालच्या कुणालाही तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या परिघात ते कुणालाच विकता येत नाहीत. हे अंतर मुख्य इमारतीपासून मोजायचं नसतं. ते कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून धरलं जातं. दोन्ही गुन्ह्यांना दंड २०० रुपयांपर्यंत आहे.

‘आम्ही इमारतीत कुठे, मैदानावर उभे आहोत’ हा युक्तिवाद प्रत्येक आवारात ऐकू येतो. मूळ कायद्याने ‘मोकळी जागा’ वगळली आहे, हे खरं. पण खुलं प्रेक्षागृह, क्रीडांगण, रेल्वेस्थानक, बसथांबा अशा लोकांच्या वावराच्या जागांना ही सूट मिळणार नाही, असं २००८ च्या नियमांनी स्पष्ट केलं आहे. शिवाय संस्थेला आपल्या आचारसंहितेत संपूर्ण आवार तंबाखूमुक्त ठरवता येतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना तेच करायला सांगतात. आचारसंहितेत एक ओळ घातली की मैदानाचा वाद मिटतो. म्हणून आवारातल्या कामाची सुरुवात त्या ओळीपासूनच करावी.

आता अधिकाराचा मुद्दा. दंड वसूल करू शकणाऱ्यांची यादी नियमांसोबत जोडलेली आहे. आपापल्या संस्थेपुरते शाळा-महाविद्यालयांचे मुख्याध्यापक, प्राचार्य आणि शिक्षक तिच्यात आहेत. म्हणजे पोलिसाची वाट पाहत बसण्याची गरज नाही. संस्थाप्रमुखावर जबाबदारीही आहे. प्रवेशद्वारावर, प्रत्येक मजल्यावर आणि जिन्याच्या तोंडाशी किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक हवा. राखदाण्या, काड्यापेट्या, लायटर ठेवता कामा नयेत. तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव ठळकपणे लावलेलं हवं. आणि तक्रार येऊनही काही केलं नाही, तर जितके गुन्हे घडले तितका दंड त्या जबाबदार व्यक्तीलाच भरावा लागतो. ही शेवटची तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. लेखी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याचं बळ तिच्यातच आहे.

विद्यार्थ्याला काय करता येत नाही, हेही तितकंच स्पष्ट असावं. त्याला दंड घेता येत नाही, कुणाचं पाकीट हिसकावता येत नाही, बॅग तपासता येत नाही. मोबाइलवर चित्रण करून ते गटागटांत फिरवणं तर मुळीच नको. मंत्रालयाच्या सूचनांत ‘तंबाखू मॉनिटर’ ही भूमिका आहे. शिक्षक, कर्मचारी आणि नववीपासून पुढचे विद्यार्थी मॉनिटर होऊ शकतात आणि त्यांची नावं फलकावर लावायची असतात. मॉनिटरचं काम सांगण्याचं आणि कळवण्याचं. शिक्षा त्याच्या हाती नाही, आणि नसलेलीच बरी.

घोडं अडतं कुठे?

इतकं सगळं असून बंदी कागदावर का राहते? मला दिसलेली कारणं बरीचशी माणसांच्या आपसांतल्या नात्यांची आहेत.

पहिलं कारण म्हणजे मोठ्यांचं वागणं. स्टाफरूमच्या मागच्या गॅलरीत एखादे सर निवांत झुरके घेत असतील, तर त्या मजल्यावरचा फलक मुलांच्या लेखी गळून पडतो. पोरांना पकडून दंड करायचा आणि सरांकडे काणाडोळा करायचा, असं ज्या संस्थेत चालतं तिथे बंदीबद्दल आदर कधीच तयार होत नाही. कामाला हात घालायचा तर तो स्टाफरूमपासून घालावा.

दुसरं कारण, काम सर्वांत खालच्या माणसावर ढकललं जातं. प्राचार्य कार्यालयीन अधीक्षकांना सांगतात, अधीक्षक शिपाईमामांना सांगतात आणि मामांनी जाऊन पंचवीस पोरांच्या टोळक्याला हटकावं अशी अपेक्षा धरली जाते. त्या टोळक्यात विद्यार्थी संघटनेचा पदाधिकारी असतो, कुणा नगरसेवकाचा पुतण्या असतो. उद्या काही बिनसलं तर आपली बाजू कोण घेणार, हे मामांना माहीत नसतं. मग ते दुरूनच वळून निघून जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

तिसरं कारण फलकावरची रिकामी जागा. ‘तक्रारीसाठी संपर्क’ याच्यापुढे नाव नसतं, किंवा तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या प्राध्यापकांचं असतं. नाव नसेल तर तक्रार करायची कुणाकडे? आणि नावच नसल्यावर तक्रार बुडवल्याचा जाब विचारायचा तरी कुणाला?

शेवटचं कारण, बंदीची आठवण ठरावीक दिवशीच होते. ३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन. तो नेमका उन्हाळी सुट्टीत येतो. मग जूनमध्ये एक पोस्टर स्पर्धा, एक शपथ, एक गटफोटो आणि मूल्यांकनाच्या फाइलमध्ये एक पान, एवढ्यावर वर्ष निघून जातं. शपथेला माझा विरोध नाही. पण रोज दुपारी सव्वाबाराला कँटीनमागे जे चालतं त्याला दुपारी सव्वाबाराला तिथे असणारं माणूस लागतं.

इतरांनी काय करून पाहिलं?

अमेरिकेतल्या विद्यापीठांनी या प्रश्नाचा बराच अभ्यास केला आहे. तिथली परिस्थिती वेगळी असली तरी काही निष्कर्ष आपल्याला थेट उपयोगी पडतात.

मोंटाना विद्यापीठात इमारतींपासून २५ फुटांच्या आत धूम्रपान करायला बंदी होती आणि ती पाळली जात नव्हती. संशोधकांनी मोजलं, तेव्हा ओढणाऱ्यांपैकी जेमतेम ३३ टक्के लोक नियम पाळत होते. मग दारालगतच्या राखदाण्या दूर हलवल्या, जमिनीवर हद्दीच्या रेषा आखल्या, फलक सुधारले, नियम पाळणाऱ्यांना शाबासकीची आणि मोडणाऱ्यांना आठवणीची छोटी कार्डं दिली. दंड कुणालाच केला नाही. त्या आठवड्यात पालन ७४ टक्क्यांवर गेलं. मोहीम संपल्यावर पुन्हा मोजलं तेव्हा ते ५४ टक्क्यांवर आलेलं होतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून मी दोन धडे घेतो. बरेच लोक हट्टाने नियम मोडत नाहीत. राखदाणी दाराशी होती म्हणून ते दाराशी उभे राहत होते. आणि सांगणं थांबलं की पालनही उतरतं, म्हणून सांगणाऱ्यांची पाळी वर्षभर लागलेली हवी.

केंटकी विद्यापीठाने २००९ मध्ये संपूर्ण आवार तंबाखूमुक्त केलं. तंबाखूच्या शेतीवर ज्या राज्याचं अर्थकारण पिढ्यान्‌पिढ्या पोसलं गेलं, तिथे हे झालं हे विशेष. त्यांनी प्रशिक्षित स्वयंसेवक नेमले. कुणी ओढताना दिसलं तर काय बोलायचं हे त्यांना आधीच शिकवलेलं असे: नमस्कार, नियमाची माहिती, सोडण्यासाठी मिळणाऱ्या मदतीची माहिती, आभार. कामाचा परिणाम जोखायला त्यांनी ठरावीक अड्ड्यांवरची थोटकं गोळा करून मोजली. कॅलिफोर्निया विद्यापीठानेही १ जानेवारी २०१४ पासून आपली सगळी आवारं धूर आणि तंबाखूमुक्त केली, तेव्हा शिक्षेपेक्षा माहिती देण्यावर भर ठेवला.

आपल्याकडचं उदाहरण चंदीगडचं. २००७ मध्ये ते देशातलं पहिलं धूम्रपानमुक्त शहर म्हणून जाहीर झालं. तिथल्या ‘बर्निंग ब्रेन सोसायटी’ या नागरिकांच्या संस्थेने माहिती अधिकाराचे अर्ज टाकून एकेका कार्यालयाला विचारलं: कायदा पाळण्यासाठी आपण काय केलं, फलक कुठे लावले, जबाबदार अधिकारी कोण? उत्तर द्यावं लागणार म्हटल्यावर फलक लागले, नावंही लागली. विद्यापीठं आणि अनुदानित महाविद्यालयं यांना माहिती अधिकाराचा कायदा लागू आहे, त्यामुळे कुठल्याही विद्यार्थ्याला हाच मार्ग धरता येतो. महाराष्ट्रात ‘सलाम बॉम्बे फाउंडेशन’सारख्या संस्थांनी शालेय शिक्षण विभागाच्या निकषांनुसार शाळा तंबाखूमुक्त करण्याचं काम चिकाटीने केलं आहे. शाळांमधली ही घडी महाविद्यालयांपर्यंत पोहोचताना विस्कटते, हा आपल्यापुढचा खरा पेच आहे.

सांगायचं कसं?

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. दुपारची सुट्टी आहे. कँटीनमागच्या कट्ट्यावर तिघं बसलेत, एकाच्या हातात पेटती सिगारेट आहे. दोन मॉनिटर, शक्यतो एक मुलगा आणि एक मुलगी, तिकडे जातात. एकट्याने जायचं नाही आणि घोळक्यानेही जायचं नाही. दोघंजण असले की धीर राहतो आणि समोरच्याला घेरल्यासारखं वाटत नाही. पंधरा फुटांवरून ओरडायचं नाही. जवळ जायचं, समोरच्याला ऐकू येईल एवढ्याच आवाजात बोलायचं. तो सीनिअर असेल तर ‘दादा’, वर्गातला असेल तर ‘अरे’, पाहुणा असेल तर ‘सर’.

“दादा, आपलं अख्खं आवार तंबाखूमुक्त आहे. विझवता का प्लीज?”

बहुतेक वेळा इथेच काम होतं. ‘हो हो, सॉरी’ म्हणत माणूस सिगारेट चुरगळतो. तेव्हा ‘थँक्यू’ म्हणून लगेच निघायचं. फुप्फुसाचं, कॅन्सरचं, आई-बापाच्या पैशाचं काही काढायचं नाही. उपदेश सुरू झाला की त्याचे दोन मित्र त्याच्या बाजूने उभे राहतात आणि साधी विनंती मानापमानाचा विषय होऊन बसते.

“आणि नाही विझवली तर काय करशील?” असं उत्तर आलं, तर वाद घालायचा नाही. “मी काही करणार नाही, दादा. मॉनिटर आहे, सांगणं माझं काम. नोंद मात्र करावी लागेल.” एवढं बोलून मागे फिरायचं. वेळ आणि जागा वहीत लिहायची आणि ज्या शिक्षकांचं नाव फलकावर आहे त्यांना कळवायचं. इथून पुढचं काम त्यांचं. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा पावती फाडून दंड, वारंवार झालं तर शिस्तपालन समिती, हा क्रम आधीच जाहीर केलेला असावा आणि प्राध्यापकापासून ठेकेदाराच्या कामगारापर्यंत सगळ्यांना तोच लागू असावा. पावती पुस्तक, तपशील कसा भरायचा आणि रक्कम कुठे जमा करायची, हे जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाकडून समजून घेता येतं.

दर महिन्याला तेच अड्डे, तोच वार ठरवून, हातमोजे घालून थोटकं गोळा करावीत आणि आकडा सूचनाफलकावर लावावा. मोजायचं साधन इतकं सोपं असताना ‘आमच्याकडे चांगलं पालन होतं’ अशा मोघम अहवालाची गरज उरत नाही. शिवाय थोटकाच्या शेंड्याला असतो तो फिल्टर कापसाचा नसून एक प्रकारच्या प्लास्टिकचा असतो आणि मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो, हे गोळा करणाऱ्या प्रत्येकाच्या लक्षात येतं.

फाटकाबाहेरची टपरी

आवार कितीही स्वच्छ ठेवलं तरी फाटकासमोर पानटपरी उभी असेल तर अर्धं काम वाया जातं. १०० यार्डांचा नियम सर्रास मोडला जातो, हे उघड आहे. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. पाकिटाऐवजी एकच सिगारेट मिळाली की विद्यार्थ्याच्या खिशाला ती परवडते आणि पाकिटावरचा इशारा नजरेलाही पडत नाही, म्हणून ही बंदी मोलाची होती. पण टपरीवर टांगलेला लायटर आणि उघडं पाकीट आजही दिसतं.

इथे विद्यार्थ्यांनी स्वतः टपरीवाल्याशी भांडायला जाऊ नये. कुंपणापासून अंतर मोजावं, दुकानांचा साधा नकाशा करावा, रस्त्यावर पिवळी रेषा आखून घ्यावी आणि प्राचार्यांच्या सहीचं पत्र महापालिका किंवा नगरपरिषद, पोलीस ठाणं आणि जिल्हा कक्ष या तिघांना द्यावं. १८ वर्षांखालच्या मुलांना विक्री होत असेल तर बालन्याय कायद्याचं २०१५ चं कलम ७७ फार कडक आहे. त्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कनिष्ठ महाविद्यालयांसाठी ही बाब महत्त्वाची, कारण अकरावी-बारावीची बरीच मुलं सज्ञान नसतात.

पण टपरीवाल्याच्या पोटाचा विचार टाळून चालणार नाही. पुण्यातल्या पेठांसारख्या दाट वस्तीत एका शाळेची हद्द संपते तिथे दुसरीची सुरू होते. कायद्याने टपरी हटवायला सांगितलेलं नाही, तंबाखू विकू नये एवढंच सांगितलं आहे. चहा, वडापाव, बिस्किटं, वह्या-पेनं, मोबाइलचं सामान यावर धंदा चालू शकतो आणि कॉलेजने त्यात हात द्यायला हरकत नाही. तंबाखू न ठेवणाऱ्या चहावाल्याकडून कार्यक्रमांचा चहा घेणं हे कुठल्याही प्राचार्यांच्या हातातलं आहे. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा आणि त्याखालची नगर पथविक्रेता समिती यांच्यामार्फत जागा बदलून देण्याचा प्रस्तावही मांडता येतो.

सिगारेटपलीकडची तंबाखू

महाराष्ट्रात फक्त ‘धूम्रपानबंदी’ म्हणून थांबणं चुकीचं ठरेल. वर उल्लेख केलेल्या २०१६-१७ च्या पाहणीनुसार राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करतात, तर धूरविरहित तंबाखू २४.४ टक्के प्रौढ घेतात. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, सगळीकडे चुना लावून मळलेली तंबाखू. गुटख्यावर राज्याने २०१२ मध्ये बंदी घातली. पुड्या मात्र जिन्यांच्या कोपऱ्यांत अजून सापडतात. सिगारेट ओढणाऱ्या विद्यार्थ्याला हटकायचं आणि तंबाखू मळत बसलेल्या लिपिकाकडे पाहायचंही नाही, हा दुजाभाव मुलं बरोबर टिपतात. म्हणून आचारसंहितेतला शब्द ‘तंबाखूमुक्त’ असावा.

दुसऱ्या टोकाला ई-सिगारेट आहे. पेनसारखी दिसते, फळाचा वास येतो, स्वच्छतागृहात ओढली तरी पटकन कळत नाही. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने तिचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवण यांवर देशभर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुलांना याची कल्पना नसते. वर्गातल्या एखाद्याने दुसऱ्याला विकली तरी तो विक्रेता ठरतो, हे प्रवेशाच्या वेळीच सांगितलेलं बरं.

आक्षेपांना उत्तर

‘आम्ही सज्ञान आहोत, मतदान करतो, मग ओढायचं की नाही हे आम्ही ठरवू’ हा आक्षेप मला गंभीर वाटतो. त्याचं उत्तर असं की ओढावं की नाही हे बंदी ठरवत नाही, कुठे ओढू नये एवढंच ती ठरवते. वसतिगृहाची खोली हे विद्यार्थ्याचं घर आहे, हेही मान्य. पण त्या घरात त्याचा सोबती राहतो, दारापुढे सगळ्यांचा व्हरांडा असतो आणि खोली तो निवडून घेत नाही.

दुसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. बंदीच्या नावाखाली मुलींवर पाळत ठेवली जाते. मुलगा ओढताना दिसला तर शंभर रुपये दंड आणि मुलगी दिसली तर थेट घरी फोन, असं घडतं. एखाद्या मुलीचं शिक्षण त्या एका फोनने थांबू शकतं. म्हणून मॉनिटरांच्या प्रशिक्षणातला पहिला नियम हा असावा की नियम जागेचा आहे, माणसाच्या चारित्र्याचा नाही. मुलगा-मुलगी दोघांना एकच वाक्य, एकच क्रम, आणि सज्ञान विद्यार्थ्याच्या घरी कळवण्याची धमकी कुणालाच नाही. ज्या समितीला हे पाळता येणार नाही, तिने हे काम हाती घेऊ नये.

‘२०० रुपयांना कोण भितो?’ असंही विचारलं जातं. दंड वाढवायला हवा, हे मलाही पटतं. केंद्राच्या २०२० च्या दुरुस्ती मसुद्यात तो २,००० रुपयांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव होता, पण त्याचा कायदा झाला नाही. शेजारच्या कर्नाटकाने आपल्यापुरती दुरुस्ती करून मर्यादा १,००० रुपयांवर आणि विक्रीसाठीचं वय २१ वर नेलं. मात्र जी पावती फाडलीच जात नाही, तिच्यावर २०० लिहिलेले असोत की २,०००, फरक पडत नाही.

सोडू पाहणाऱ्याचा हात

‘इथे नको’ म्हणणाऱ्याने ‘सोडायची असेल तर हे घे’ असंही म्हणायला हवं. निकोटिनची सवय ही इच्छाशक्तीची परीक्षा नव्हे. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप मोडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि परीक्षेच्या तोंडावर हे फार जड जातं. आवारात राखदाणी काढून घेतली, तर आधाराची एक जागा उघडायला हवी.

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक सप्टेंबर २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापला जातो. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय हे या सेवेच्या केंद्रांपैकी एक. मॉनिटरच्या खिशात हा क्रमांक छापलेली छोटी चिठ्ठी असावी आणि ती मागितल्यावरच द्यावी. कॉलेजच्या समुपदेशकाने महिन्यातून एक तास यासाठी ठेवावा. त्यात नावं नोंदवली जाऊ नयेत आणि शिस्तपालन समितीचा त्याच्याशी संबंध नसावा. सोडून पुन्हा पेटवणारे अनेक असतात. त्यांना चौथ्यांदाही तितक्याच आपुलकीने बसवून घ्यावं. तीच वागणूक तंबाखू मळणाऱ्या शिपाईमामांना मिळावी. त्यांची सवय तीस वर्षांची असते आणि त्यांना कुणी कधी मदत देऊ केलेली नसते.

एकंदर चित्र पाहिलं तर आपल्याकडे कायद्याची वानवा नाही, अधिकाराचीही नाही. कमी पडते ती रोजची हजेरी. ती भरून काढायला मोठा निधी लागत नाही. सत्र सुरू होतं त्याच आठवड्यात आचारसंहितेत एक ओळ घालावी, फलकावर आज नोकरीत असलेल्या माणसाचं नाव लिहावं, स्टाफरूमने आधी स्वतःवर नियम लावून घ्यावा आणि प्रत्येक वर्गातून दोन मुलं-मुली निवडून त्यांना काय बोलायचं ते शिकवावं. ही मुलं कुणाची शत्रू नाहीत. पहिल्या वर्षाला आलेल्या, अजून एकही झुरका न घेतलेल्या आपल्या धाकट्या भावंडांसाठी ती तिथे उभी आहेत. त्यांच्या पाठीशी प्राचार्यांपासून पालकांपर्यंत सगळ्यांनी ठामपणे उभं राहणं, हे आपलं कर्तव्य आहे.